खच्ची या शब्दापाशी

“म्हंजे मले खच्ची करता का, डॉक्टरसाहेब?”

मोठेबाबांनी, माझ्या थोरल्या काकांनी, हे विचारलं तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. मोठीआई स्टुलावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी दाराशी, रिपोर्टांची पिशवी धरून. आणि टेबलापलीकडे तिशीतला एक हुशार, दमलेला डॉक्टर. कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल चोळून झालं होतं, सेलूहून दुखण्याच्या गोळ्या आणून झाल्या होत्या. लघवीची धार बारीक झाली होती, ती ‘वयाचं हाय’ म्हणून सोडून दिली होती. शेवटी लघवी पुरती तुंबली, नळी टाकावी लागली, आणि पुढच्या तपासण्यांत प्रोस्टेटच्या आजारात वाढणारं रक्तातलं पीएसए काहीशे निघालं. प्रोस्टेटचा कर्करोग, मणक्यापर्यंत गेलेला. पुरुषी हार्मोन बंद करावं लागेल, डॉक्टरने सांगितलं. त्याच्या दोन वाटा: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढून टाकायचे.

मोठेबाबांचा प्रश्न ऐकून तो क्षणभर गडबडला. “छे छे, तसं काही नाही आजोबा.” मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, “सोय होत असेल तर इंजेक्शनच घ्या.”

पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसऱ्यात किंमत होती. माझ्या मते त्याने ‘हो’ म्हणायला हवं होतं.

ज्याने जन्मभर दावणीला बैल बांधले त्याला हे कळणार नाही असं समजणं हाच पहिला अपमान. आमच्या वर्धा जिल्ह्याची स्वतःची गुरांची जात आहे, गवळाऊ. आर्वी-कारंजाकडची, पांढरी, हलक्या पायाची. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी क्षेत्र आहे. गोऱ्हा कामाजोगा झाला की त्याला खच्ची करतात. पूर्वी हे काम ठेचून व्हायचं, त्याची आठवण सांगताना म्हातारी माणसं अजून डोळे मिटून घेतात. आता गुरांचा डॉक्टर बर्डिझोचा चिमटा घेऊन येतो, कातडी न कापता आतली नस दाबतो, आणि काही आठवड्यांत गोऱ्ह्याचा बैल होतो. तो शांत होतो, जू मान्य करतो. पोळ्याला त्याच्याच शिंगांना बेगड लागतो, त्याच्याच पाया पडतात. घरात त्याला कोणी कमी लेखत नाही.

माणसाकडे वळला की तोच शब्द शिवी होतो. वर्तमानपत्रात रोज कोणाचं तरी ‘खच्चीकरण’ चाललेलं असतं, कार्यकर्त्यांचं मनोबल ‘खच्ची’ होत असतं. म्हणजे आपल्या भाषेनेच ठरवून टाकलंय की पुरुषाचा धीर, त्याची हिंमत, त्याचा घरातला शब्द हे सगळं त्या दोन ग्रंथींत साठवलेलं असतं. मोठेबाबांनी विचारलेला प्रश्न शरीराचा नव्हताच, चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते काही संसार मांडायला निघाले नव्हते. ऑपरेशनहून परतल्यावर पारावर बसता येईल का, हे ते विचारत होते.

गंमत अशी की या उपचाराची सुरुवातही गुरांपासूनच झाली. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने नोंदवून ठेवलं होतं की खच्ची केलेल्या जनावरांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहते. त्या निरीक्षणाचा कर्करोगाशी संबंध जोडायला १९४१ साल उजाडावं लागलं. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही पुरुषी हार्मोनवर जगतो. अंडकोष काढले किंवा स्त्री-हार्मोन दिलं, की तो आक्रसतो आणि हाडांच्या वेदना थांबतात. हगिन्सना याबद्दल १९६६ चं नोबेल मिळालं. हार्मोन तोडून प्रोस्टेटच्या कर्करोगाला उपाशी मारता येतं, ही कल्पना तेव्हा नवी होती.

मग सुई आली. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिला वरून थोड्या थोड्या वेळाने निरोप येतो, आणि ती अंडकोषांना पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, तयार करायला सांगते. हा निरोप नेणारा रेणू अँड्र्यू शॅली यांनी लाखाहून जास्त डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गाळून वेगळा केला. त्यांना आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलेमिन यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. पुढे लक्षात आलं की हाच निरोप तुटक न देता अखंड देत राहिलं तर पिट्युटरी बहिरी होते. घरात दिवसभर कोणी हाका मारत बसलं की शेवटी त्या हाकेला कोणी ‘ओ’ देत नाही, तसंच. ल्युप्रोलाइड, गोसरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं याच युक्तीवर चालतात. १९८५ पासून ती बाजारात आली आणि श्रीमंत देशांत ऑपरेशन मागे पडत गेलं.

पण बहिरी होण्याआधी पिट्युटरी त्या हाकेने खडबडून जागी होते. पहिल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात गाठ असलेल्याला हे दिवस धोक्याचे, पाय लुळे पडू शकतात, म्हणून आधीपासून बायकॅलुटामाइडच्या गोळ्या चालू ठेवतात. ऑपरेशनमध्ये हा प्रकारच नाही, काही तासांत हार्मोन तळाला जातं. शिवाय डेगारेलिक्ससारखी नवी औषधं आहेत, तीही उसळी न आणता थेट दार बंद करतात. पण ती महाग, आणि डेगारेलिक्स महिन्याला टोचावं लागतं.

तेव्हा सुई घ्या किंवा सुरी लावा, दोन्हीकडून होतं एकच. इंग्रजीत निदान ‘रासायनिक खच्चीकरण’ या अर्थाचा शब्द वैद्यकीय पुस्तकांत उघडपणे छापलेला असतो. आपण ‘हार्मोन थेरपी’ म्हणतो आणि मोकळे होतो. या शब्दाने भलताच घोटाळा होतो. हार्मोन थेरपी म्हणजे आपल्याला हार्मोन देताहेत, ताकदीचं काहीतरी टोचताहेत, असं समजणारे किती तरी रुग्ण भेटतात. मग सहा महिन्यांनी दंडाची बेटकुळी कुठे गेली, छाती का सुजली, हे त्यांना कळत नाही.

आता किंमत. मोठेबाबा कुठलाही मोठा हिशेब क्विंटलमध्ये करतात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं बिल पाहून ते म्हणाले, “दोन-अडीच क्विंटल सोयाबीन.” २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि हमीभाव मिळेलच असं धरणारा शेतकरी सेलू तालुक्यात तरी मला भेटलेला नाही. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल उतारा. म्हणजे वर्षाची चार इंजेक्शनं म्हणजे दोन एकरांचं सगळं पीक, बियाणं-खत-फवारणी न वगळता. आणि हे एका वर्षाचं नाही. पसरलेल्या आजारात हार्मोन रोखणं सहसा जन्मभराचं असतं. कर्करोग पुढे औषधाला दाद देईनासा झाला तरी हा पाया चालूच ठेवतात.

ऑपरेशन एकदाचं. भूल फक्त त्या भागाला, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. आयुष्य लांबवण्याच्या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच. २००० साली अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून हे तपासलं गेलं आणि अंडकोष काढणं व ही इंजेक्शनं यांत जगण्याच्या काळाचा फरक आढळला नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. आजार ग्रंथीपुरताच असेल आणि रेडिएशनच्या जोडीला सहा महिने किंवा दोन-तीन वर्षंच हार्मोन रोखायचं असेल, तर ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही. तिथे सुईच योग्य, कारण ती थांबवता येते. मी बोलतोय ते हाडांत गेलेल्या आजाराबद्दल. आणि आपल्याकडे, कंबरदुखीला वय समजणाऱ्या गावांत, आजार बऱ्याचदा त्याच टप्प्यावर दारात येतो.

मग सगळ्यांना इंजेक्शनचीच ओढ का? काही अंशी त्यात विकणाऱ्याचाही हात आहे. अमेरिकेत टॅप या कंपनीने ल्युप्रॉन हे इंजेक्शन खपवण्यासाठी डॉक्टरांना फुकट नमुने दिले. त्या नमुन्यांचंही बिल डॉक्टरांनी सरकारी विम्याला लावलं, आणि २००१ मध्ये कंपनीने ८७.५ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. पुढे सरकारी विम्याने या इंजेक्शनांवरचा डॉक्टरांचा नफा कापला, तर ज्यांना त्यांची फारशी गरज नव्हती अशा रुग्णांतला वापरच घटला. गरज जर शरीराची असती तर नफा कमी झाल्याने ती कमी झाली नसती. कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्या महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा याहून जास्त बोलत नाही.

पण सगळा दोष विकणाऱ्याच्या माथी मारला तर माझीच फसवणूक होईल. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १४७ रुग्णांना निवड दिली होती. ११५ जणांनी इंजेक्शन घेतलं, ३२ जणांनी ऑपरेशन. म्हणजे पाचांतले चार जण सुईकडे गेले. त्यांना कोणी मूर्ख म्हणणार असेल तर त्याला स्वतःच्या शरीराचा विचार करायला सांगावं. सुई थांबवता येते, निदान तसं वाटतं तरी. जन्मभर घ्यायची असली तरी ‘वाटलं तर थांबवू’ ही फट उघडी राहते, आणि त्या फटीतून येणारी हवा माणसाला हवी असते. मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच की या फटीची किंमत दोन एकर आहे हे कोणी उघड बोलत नाही. इंजेक्शन ‘चांगली’ ट्रीटमेंट आणि ऑपरेशन ‘गरिबांची’, अशी प्रतवारी होते. मग ऑपरेशन करून घेणाऱ्याला दोनदा खच्ची केलं जातं, एकदा टेबलावर आणि एकदा बिलाच्या खिडकीपाशी.

या ऑपरेशनची आणखी एक गोष्ट मला कितीतरी उशिरा कळली, ती सांगितलीच पाहिजे. अंडकोष सगळेच्या सगळे काढावे लागतात असं नाही. वरचं आवरण तसंच ठेवून आतला हार्मोन करणारा भाग तेवढा काढायचा, अशी पद्धत आहे. पिशवी रिकामी राहत नाही, हाताला काहीतरी लागतं. हार्मोन तितकंच पडतं. यासाठी कुठलं महागडं यंत्र लागत नाही, करणाऱ्याला येत असलं आणि सांगणाऱ्याला सुचलं म्हणजे झालं. मोठेबाबांना ते कोणी सांगितलं नाही. म्हणजे लाजेचा निम्मा भाग जवळजवळ फुकटात वाचवता आला असता, आणि आपण मात्र लाज वाचवायची म्हणजे इंजेक्शन विकत घ्यायचं एवढंच शिकलो.

हे सगळं वर्ध्यात घडतं याला मला वेगळा अर्थ वाटतो. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला माणूस १९३६ मध्ये इथे राहायला आला. वासना जिंकणं हा त्याच्या लेखी आत्मबळाचा कळस होता. प्रोस्टेटच्या रुग्णाला हेच ब्रह्मचर्य सुईतून मिळतं, व्रत न घेता, विजयही न मिळवता. आणि त्यासोबत काय काय जातं ते पाहिलं की या रसाने शरीरात किती कामं अंगावर घेतली होती हे कळतं. हाडं पोकळ होतात, पडल्यावर मोडतात. मांस उतरतं, चरबी वाढते. साखर बिघडते. काही जण उगाच रडू लागतात. आपण ज्याला नुसती वासना म्हणून बाजूला सारत आलो त्या रसावर पाठीचा कणाही उभा होता. आश्रमात कोणी हे वाचून रागावलं तर रागावो.

त्याच सेवाग्रामने दुसरीही एक गोष्ट शिकवली आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. पुढे डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची योजना चालवली. तिचा हप्ता गावकरी सुगीनंतर ज्वारीच्या रूपात भरत. डॉ. एस. पी. कलंत्री यांनी वैद्यकीय अधीक्षक म्हणून जेनेरिक औषधं स्वस्तात देण्याचा पाया तिथे घातला, आणि पाकिटावर छापलेली किंमत व रुग्णालयाला पडणारी किंमत यांत केवढी दरी असते हे लोकांसमोर मांडलं. औषध स्वस्त करायला नव्या शोधाची गरज नेहमीच नसते, कधी नीट खरेदी आणि थोडा कठोरपणा पुरतो. कर्करोगाच्या औषधांत तर ही दरी इतकी मोठी होती की २०१९ मध्ये सरकारने ४२ औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली.

इथे अ‍ॅबिरॅटेरोनची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अंडकोष बंद केले तरी थोडं हार्मोन मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी करतात, आणि खुद्द गाठही करायला शिकते. ही गोळी त्या सगळ्या भट्ट्या विझवते. २०११ मध्ये ती अमेरिकेत आली, आणि २०१७ च्या दोन मोठ्या चाचण्यांनंतर ती पहिल्यापासूनच सुई किंवा ऑपरेशनच्या जोडीला देऊ लागले. जोडीला प्रेडनिसोलोन लागतं, रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. मात्रा: २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, उपाशीपोटी. उपाशीपोटी का? तर अन्नासोबत ती कैक पटींनी जास्त शोषली जाते. कमी तुपातेलाच्या जेवणासोबत सुमारे पाच पट, तेलकट जेवणासोबत दहा पट. म्हणजे उपाशीपोटी घेतलेल्या चार गोळ्यांतला मोठा भाग शरीर न वापरताच बाहेर टाकतं. माणसाच्या गाठीचे पैसे शौचकुपात जातात, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

पुन्हा शिकागो विद्यापीठातल्याच डॉक्टरांनी पुढाकार घेऊन २०१८ मध्ये ७२ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली: एका गटाला चार गोळ्या उपाशीपोटी, दुसऱ्याला एकच गोळी कमी चरबीच्या न्याहारीसोबत. पीएसए उतरण्यात एक गोळी मागे पडली नाही. चाचणी लहान होती, तिने पीएसए मोजलं, आयुष्य नाही, हे खरं. तरी अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत तिला पर्याय म्हणून जागा मिळाली. अशी चाचणी करायला कंपनी कधीच पुढे येणार नाही, कारण कोणता दुकानदार आपला माल चौथाईत पुरतो हे सिद्ध करायला निघेल? आपल्या नागपूर-वर्ध्याच्या न्याहारीचा मात्र यात घोळ आहे. कमी चरबी म्हणजे पोहे चालतील, त्यावरची तर्री नाही. तेलाचा तवंग रोज वेगळा म्हणून औषधही रोज वेगळं शोषलं जाईल. हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही. पण डॉक्टरला विचारायला काय जातं? ‘एक गोळी नाश्त्यासोबत चालेल का’ हा प्रश्न विचारणाऱ्याचं वर्षाचं कितीतरी सोयाबीन वाचू शकतं.

विचारायला शब्द लागतात, आणि तिथेच आपण अडतो. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बायका आता बोलतात, त्यांनी ते बोलणं कष्टाने मिळवलंय. वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामला होते. पुरुषांत इथे तोंडाचा कर्करोग पुढे आहे, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची कृपा. म्हणून प्रोस्टेटकडे आधीच लक्ष कमी. त्यात पुरुष आपल्या ‘तिथल्या’ दुखण्यावर मुलाशी बोलत नाही, बायकोशी तर नाहीच. मग निर्णय कोण घेतो? मुलगा किंवा पुतण्या, कॉरिडॉरमध्ये, डॉक्टरशी कुजबुजत. मीही तेच केलं. “सोय होत असेल तर” या वाक्याला मी मान डोलावली, मोठेबाबांकडे न बघता. त्यांचा प्रश्न हवेत राहिला.

इंजेक्शनं दीड वर्ष चालली. पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर मोठेबाबांना एसटी फुकट झाली, मोठीआईला अर्धं तिकीट, पण औषधाला कसली सवलत. एका ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि परतीचा पाऊस एकत्र आले, तारीख टळली, मग दिवाळी आली, आणि सुई सात आठवडे उशिरा लागली. पीएसए वर गेलं होतं. तेव्हा मोठेबाबांनीच विषय काढला. यावेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, मध्यमवयीन बाई. मोठेबाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शब्दही न बदलता. त्या म्हणाल्या, “हो आजोबा, तसंच. इंजेक्शनाने दीड वर्ष तुम्ही तसेच होता.” मोठेबाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग हे काहून सांगतलं नाही बापा आधी?” आणि अंगठ्याकडे न जाता, पेन मागून, सावकाश सही केली.

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली. दिवसातून सात-आठ वेळा त्यांना अंगातून वाफा निघतात. कानशिलं तापतात, बनियन ओली होते, आणि मग एकदम थंडी. बायकांची पाळी जाताना होतं तेच, कारणही जवळजवळ तेच. गेल्या पौषात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमाराला अंधारात आवाज आला, “पंखा लाव ना वं.” मोठीआई उठली. बटण दाबण्याआधी म्हणाली, “मले पाच वर्षं असंच होत होतं. तवा तुमी म्हनत होते, बंद कर, थंडी वाजते.” उत्तर आलं नाही. पंखा गरगरायला लागला, आणि ती दोन गोधड्या ओढून भिंतीकडे तोंड करून निजली.